डोंगरातला देव, शिवारातला वैरी : होक्काइदोच्या अस्वलांविषयी (प्रस्तावना)

जपानच्या उत्तरेला होक्काइदो हे मोठं बेट आहे. आकारानं महाराष्ट्राच्या साधारण पाव हिस्सा, आणि हिवाळ्याचे चार-पाच महिने बर्फाखाली. इथल्या जंगलात तपकिरी अस्वलं राहतात. जपानी लोक त्यांना हिगुमा म्हणतात. बेटाचे मूळ रहिवासी ऐनू. ते या अस्वलाला किमुन कामुय, म्हणजे डोंगरात राहणारा देव, म्हणत आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून जपानी शेतकरी येऊन वसले आणि या देवाच्या डोक्यावर सरकारी इनाम लागलं. जंगल तेच, नद्या त्याच, प्राणीही तोच. तरी एका समाजानं त्याच्याविषयी प्रार्थना आणि गाणी मागे ठेवली, दुसऱ्यानं पंचनामे, शिकारीच्या नोंदी आणि स्मारकशिळा. हे पुस्तक या दोन्ही वारशांविषयी आहे.

या कथा आणि नोंदी शेजारी-शेजारी मांडताना मला एक गोष्ट दिसत गेली, आणि तीच या पुस्तकाचा कणा आहे. ऐनूंच्या अस्वलकथांना भाबडी निसर्गपूजा म्हणून बाजूला सारता येत नाही. माणसाला एका फटक्यात मारू शकणाऱ्या शेजाऱ्याबरोबर पिढ्यानपिढ्या राहायचं कसं, याची ती वहिवाट आहे. डोंगरात कधी जायचं, काय घ्यायचं, काय सोडून यायचं, कोणाचा मान राखायचा आणि कोणाला क्षमा करायची नाही, हे सगळं तिच्यात आहे. नव्यानं आलेल्यांनी जमिनीचा ताबा घेतला, पण तिची वहिवाट विचारली नाही. ज्यांना विचारायचं ती माणसं शेजारीच होती. न विचारण्याची किंमत आधी ऐनूंनी मोजली, मग अस्वलांनी आणि शेवटी वसाहतकारांच्या लेकराबाळांनी.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अस्वल म्हटलं की विदर्भातलं काळं, झिपरं अस्वल येतं. मोहाची फुलं, मध आणि वारुळातली वाळवी यांवर जगणारं. हिगुमा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. पूर्ण वाढलेला नर दोन-तीनशे किलोंचा सहज भरतो, क्वचित चारशेच्याही वर जातो. खाणं मात्र बहुतांशी झाडपाल्याचं. वसंतात कोवळे कोंब, उन्हाळ्यात मुंग्या आणि रानफळं, शरदात ओकची फळं, रानद्राक्षं आणि नदीत चढून येणारे सामन मासे. नोव्हेंबर-डिसेंबरात तो गुहेत शिरतो. पिल्लं तिथेच भर हिवाळ्यात जन्मतात आणि बर्फ वितळू लागल्यावर आईबरोबर बाहेर येतात.

होक्काइदो आणि जपानचं मुख्य बेट होन्शू यांच्यामध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी आहे. हाकोदाते बंदरात राहणाऱ्या थॉमस ब्लॅकिस्टन या इंग्रज व्यापाऱ्याला पक्ष्यांच्या अभ्यासातून लक्षात आलं की या पाण्याच्या दोन्ही तीरांवरचे प्राणी वेगळे आहेत. आजही त्या सीमेला ब्लॅकिस्टन रेषा म्हणतात. तपकिरी अस्वल फक्त तिच्या उत्तरेला. दक्षिणेला आहे ते छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं काळं अस्वल, आकारानं बरंच लहान. वसाहतकार दक्षिणेतून आले तेव्हा त्यांना अस्वल माहीत होतं, पण ते हे काळं अस्वल. त्यांच्या गावच्या शिकाऱ्यांचे आडाखे आणि आजी-आजोबांच्या गोष्टी, सगळं त्या लहान अस्वलाच्या मापाचं होतं. सामुद्रधुनी ओलांडताना बी-बियाणं आणि अवजारं त्यांच्याबरोबर आली. अस्वलाविषयीचं ज्ञान तेवढं पलीकडच्या तीरावर निरुपयोगी ठरलं.

ऐनूंकडे ते ज्ञान होतं, आणि ते गोष्टींत साठवलेलं होतं. ऐनू विचारात कामुय म्हणजे माणसापेक्षा अधिक सामर्थ्य असलेलं कोणीही. अग्नी कामुय, घुबड कामुय, देवी रोगसुद्धा कामुय. हे सगळे आपापल्या देशात माणसांसारखेच राहतात, चुलीभोवती बसतात, संसार करतात. माणसांच्या जगात यायचं तेव्हा एक वेश चढवतात. अस्वलाचं कातडं आणि मांस हा त्या डोंगरातल्या देवाचा वेश, आणि तोच त्यानं यजमानासाठी आणलेला अहेर. शिकाऱ्यानं बाण सोडला आणि अस्वल पडलं, तर त्याचा अर्थ देवानं या घरचं आतिथ्य पत्करलं. मग यजमानाचं कर्तव्य सुरू होतं. पाहुण्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही.

या कर्तव्याचं सर्वांत मोठं रूप म्हणजे इयोमान्ते हा पाठवणीचा सोहळा. वसंताच्या तोंडाशी, बर्फ अजून घट्ट असताना, शिकारी गुहांवर जात. आई मारली गेली आणि आत पिल्लू सापडलं तर ते गावात आणलं जाई. लहान असेतो ते घरातच वाढे. घरच्या बाईनं त्याला अंगावर पाजल्याच्या नोंदी आहेत. नखं-दात धारदार झाले की त्याच्यासाठी ओंडक्यांचा पिंजरा उभा राही आणि माणसांच्या ताटातला चांगला घास आधी तिकडे जाई. वर्ष-दोन वर्षांनी ऐन हिवाळ्यात आसपासच्या गावांना निमंत्रणं जात. मद्य गाळलं जाई, पिठाचे गोळे शिजत, लाकूड तासून त्याचे कुरळे झुपके काढलेल्या काठ्या तयार होत. या काठ्यांना इनाव म्हणतात, देवांना त्या सर्वांत प्रिय. अस्वलाला दोरांनी बांधून बाहेर काढत, गाणी म्हणत त्याच्याभोवती फेर धरत, नक्षीदार बोथट बाण सोडत आणि शेवटी त्याचा प्राण घेत. मग त्याचं शिर पूर्वेच्या पवित्र खिडकीतून घरात घेऊन मानाच्या जागी ठेवत. त्याच्यापुढे अन्न, मद्य आणि वाळवलेले सामन मांडत. रात्रभर वीरगाथा गायली जाई, आणि ऐन रंगात आली की मुद्दाम अर्ध्यावर थांबवली जाई. उरलेली गोष्ट ऐकायला देवानं पुन्हा यावं, म्हणून.

आजच्या वाचकाला हे वाचताना अवघडल्यासारखं होईल. ज्याला अंगावर पाजलं त्यालाच मारायचं, हे मनाला पटणारं नाही. त्या अवघडलेपणावर मी या पुस्तकात कुठेही पांघरूण घातलेलं नाही. पण एवढं लक्षात ठेवायला हवं की हा समाज मांस खात होता आणि आपण खातो ते कोणाचं तरी देणं आहे, हे त्यानं एक दिवसही विसरू दिलं नाही. अस्वल वाट्टेल तेव्हा, वाट्टेल तितकं मारण्याची मुभा या रीतीत बसत नव्हती. प्रत्येक वधामागे विधी होता, खर्च होता, गावाची साक्ष होती.

या वहिवाटीची दुसरी बाजू कठोर होती. माणूस मारणारं अस्वल किमुन कामुय राहत नसे, ते वेन कामुय होई, म्हणजे दुष्ट देव. त्याला शोधून मारलं जाई. त्याच्यापुढे इनाव ठेवले जात नसत, त्याचं मांस कोणी खात नसे, त्याच्या आत्म्याला सन्मानानं घरी जाऊ दिलं जात नसे. ऐनू देवांशी वादही घालत. चारान्के हा त्यांचा न्यायनिवाड्याचा प्रकार. त्यात तासन् तास युक्तिवाद करून बाजू मांडायची, आणि समोर देव असला तरी सुटका नाही. तुझ्या राखणीखाली आमचा माणूस गेला, याचा जाब अग्निदेवीलाही विचारला जाई. देवत्व असं वागणुकीवर ठरत होतं. गुन्हेगार अस्वल आणि निरपराध अस्वल यांत फरक करण्याची ही सवय पुढे एका शतकात पार मोडली गेली, आणि आजचे वनाधिकारी ती नव्यानं घालू पाहत आहेत.

१८६९ मध्ये मेजी सरकारनं एझो हे जुनं नाव बदलून बेटाला होक्काइदो म्हटलं आणि त्याच्या विकासासाठी काइताकुशी हे खातं उभारलं. सल्लागार अमेरिकेतून आले, कारण पश्चिमेकडचा मुलूख 'मोकळा' करण्याचा अनुभव त्यांच्याकडे होता. १८७५ पासून तोन्देनहेई, म्हणजे शेती करणारे शिपाई, साप्पोरोजवळ वसवले गेले. ऐनूंची शिकारीची आणि मासेमारीची राने सरकारी मालकीची झाली. १८७६ मध्ये त्यांच्या विषारी बाणांवर बंदी आली. बचनागाच्या जातीच्या मुळाचं विष लावलेला तो बाण हे त्यांचं अस्वलाविरुद्धचं पिढीजात हत्यार होतं. हरणांची कत्तल इतकी झाली की त्यांचं मांस डब्यांत भरायचा कारखाना निघाला, आणि १८७९ च्या महाहिमवर्षावात उरलेल्या हरणांचा फडशा पडला. त्यापुढे लांडगे घोड्यांच्या पैदास केंद्रांवर तुटून पडले, तेव्हा एडविन डन या अमेरिकन सल्लागाराच्या देखरेखीखाली स्ट्रिक्निन पेरलेलं मांस रानात ठेवलं गेलं. इनामांनी बाकीचं काम केलं आणि शतक संपता संपता होक्काइदोचा लांडगा नाहीसा झाला. १८९९ च्या कायद्यानं ऐनूंना 'माजी आदिवासी' ठरवून जमिनीचे तुकडे दिले आणि शेतकरी व्हायला सांगितलं.

इतकी मोठी उलथापालथ होऊनही अस्वल टिकलं. पण त्याच्या रानात आता मका आणि ओट होते, घोडे आणि मेंढ्या होत्या, आणि नदीकाठच्या सुपीक पट्ट्यात माणसांची घरं होती.

वसाहतकारांविषयी मला आकस नाही आणि वाचकानंही तो धरू नये. यातले बहुतेक जण गरजेपोटी आले होते. मेजी सत्तांतरात पराभूत झालेल्या पक्षाचे सामुराई होते, वाटणीत जमीन न मिळालेले धाकटे मुलगे होते. नारा प्रांतातलं तोत्सुकावा हे डोंगरी गाव १८८९ च्या महापुरात उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले अडीच हजारांच्या आसपास लोक होक्काइदोत आले आणि त्यांनी नवं तोत्सुकावा वसवलं. पहिला हिवाळा या माणसांनी गवतानं शाकारलेल्या, भिंतींना चटया लावलेल्या खोपट्यांत काढला. आत शेकोटी, बाहेर पुरुषभर बर्फ, वळचणीला टांगलेली मक्याची कणसं. अस्वलाला त्या घराची भिंत अडवणार नव्हती आणि त्या कणसांचा वास दूरवर जात होता.

१८७८ या एका सालात दोन्ही जगं शेजारी-शेजारी दिसतात. जानेवारीत साप्पोरोच्या परिसरात एका अस्वलानं तिघांचा जीव घेतला. त्याला मारून नव्या कृषी महाविद्यालयात नेलं. विद्यार्थ्यांनी त्याची चिरफाड केली आणि पेंढा भरलेलं ते अस्वल पुढे खुद्द सम्राटाला दाखवण्यात आलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासिनी बिराटोरी या ऐनू गावी राहिली. तिथे तिनं प्रमुखाच्या घराबाहेर खांबांवर मानानं चढवलेल्या अस्वलांच्या कवट्या पाहिल्या. एका ठिकाणी अस्वल संशोधनाचा आणि विजयाचा नमुना झालं होतं, दुसरीकडे ते अजून घराचं राखणदार होतं.

पण वसाहतीच्या मनावर कायमचा ओरखडा उमटला तो १९१५ च्या डिसेंबरात. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तोमामाए गावाच्या हद्दीत सान्केबेत्सु नदीच्या खोऱ्यात पंधराएक घरांची नवी वस्ती होती. नोव्हेंबरात एक मोठं अस्वल तिथल्या एका घराजवळ येऊन मका खाऊन गेलं. पुन्हा आलं तेव्हा गोळी झाडली गेली. ते जखमी झालं, पण बर्फाच्या वादळात माग हरवला. ९ डिसेंबरला सकाळी ते एका घरात शिरलं. आत एक स्त्री आणि एक लहान मूल होतं. दोघांचा जीव गेला आणि स्त्रीचा देह अस्वलानं जंगलात नेला. दुसऱ्या दिवशी तीसएक माणसं शोधाला निघाली. पाच बंदुकांपैकी एकच धड उडाली. अस्वल पळालं. बर्फाखाली दडवलेला देह लोकांनी परत आणला आणि रात्री त्याच घरात मृतांसाठी जागरणाला बसले. अस्वल भिंत फोडून आत आलं. लोक आढ्यावर चढले, गोंगाट झाला, बंदुकीचा आवाज झाला, तेव्हा ते निघून गेलं. त्यानंतर थोड्याच वेळात ते नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या घरात घुसलं. बायका-मुलांना सुरक्षित म्हणून तिथेच एकत्र ठेवलं होतं, आणि राखणदार नेमके वरच्या घराकडे धावले होते. त्या दोन दिवसांतल्या मृतांची संख्या, एका गर्भवतीच्या पोटातलं बाळ धरून, सात झाली. १४ डिसेंबरला यामामोतो हेइकिची या अनुभवी शिकाऱ्यानं दोन गोळ्यांत त्या नराला पाडलं. वजन ३४० किलो, लांबी २.७ मीटर. त्याचे अवयव विकून आलेले ५० येन पीडित कुटुंबांना दिले गेले. वस्ती मात्र टिकली नाही. हळूहळू लोक उठून गेले.

या घटनेभोवती वसाहतकारांची स्वतःची लोककथा जमा झाली. ते अस्वल आकारानं इतकं मोठं होतं की त्याच्या मापाची गुहाच मिळाली नाही, म्हणून हिवाळ्यात भटकत राहून ते पिसाळलं, असं सांगितलं गेलं. मोठं अस्वल पडलं की वादळ सुटतं, असाही समज होता, आणि त्याला गोळी लागली त्या दिवशी खरोखरच हवा फिरून बर्फाचं वादळ उठल्याची आठवण लोकांनी जपली. योशिमुरा आकिरा यांच्या १९७७ च्या 'कुमाआराशी' या कादंबरीचं नाव त्याच समजावरून आलं आहे. त्या काळी शाळकरी असलेला ओकावा हारुयोशी हा तिथल्या वस्तीप्रमुखाचा मुलगा. दर मृतामागे दहा अस्वलं मारीन, अशी शपथ त्यानं घेतली आणि ती आयुष्यभर पाळली. शंभराचा आकडा गाठल्यावर १९७७ मध्ये त्यानं मृतांचं स्मारक उभारलं. किमुरा मोरिताके या वनाधिकाऱ्यानं साठच्या दशकात वाचलेल्यांना भेटून त्यांच्या तोंडची हकिकत उतरवली. ते काम झालं नसतं तर आज आपल्याकडे अफवांखेरीज काही उरलं नसतं.

ही हकिकत ऐनू कथांच्या शेजारी ठेवून वाचली की अंगावर काटा येतो. अस्वल स्वतःचं समजलेलं अन्न झाकून ठेवतं आणि ते हलवलं तर परत घ्यायला येतं. अस्वलाच्या शेजारी पिढ्या काढलेल्या शिकाऱ्यांना हे ठाऊक असतं. सान्केबेत्सुच्या लोकांनी माणुसकीला धरून केलं ते एकच, आपल्या माणसाचा देह घरी आणला. त्यामागून अस्वल चालत आलं. दुसऱ्या एका गोष्टीवर त्यांचा भरवसा होता, ती म्हणजे शेकोटी. अस्वल आगीला भितं, असं ते मानत आले होते. हे अस्वल पेटत्या शेकोटीच्या घरात शिरलं.

हाच धडा १९७० च्या जुलैमध्ये पुन्हा गिरवावा लागला. क्यूशूहून आलेले पाच विद्यार्थी हिदाका पर्वतरांगेत भटकंती करत होते. एका मादी अस्वलानं त्यांच्या पाठपिशव्या उचकटल्या. त्यांनी त्या तिच्याकडून परत मिळवल्या. ती मादी पुन्हा-पुन्हा येत राहिली आणि पाचांतले तिघे परतले नाहीत. मधल्या ५५ वर्षांत रेल्वे पसरली, विद्यापीठं वाढली, नकाशे सुधारले. अस्वलाच्या ताब्यात गेलेली वस्तू तिथेच सोडून निघून जायचं, एवढी एक गोष्ट दूरच्या शहरातून येणाऱ्या मुलांपर्यंत पोचली नव्हती.

सरकारचं उत्तर मात्र सरसकट होतं. १९६६ पासून दर वसंतात, बर्फावर माग स्पष्ट दिसतात तेव्हा, गुहेतून बाहेर पडणारी अस्वलं मारायची मोहीम चालली. तिथे दोषी-निर्दोष हा प्रश्नच नव्हता. पिल्लांसह माद्याही मारल्या गेल्या. काही भागांतून अस्वल संपायच्या बेताला आलं, तेव्हा १९९० मध्ये ही मोहीम थांबवण्यात आली.

याच काळात घरोघरी दुसरं एक अस्वल शिरलं. नागोयाच्या तोकुगावा घराण्यातल्या योशिचिका यांनी स्वित्झर्लंडमध्ये लाकडी कोरीव अस्वलं पाहिली आणि हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून ती कला याकुमो गावी आणली. १९२४ मध्ये तिथे पहिलं अस्वल कोरलं गेलं. आसाहिकावाच्या ऐनू कारागिरांनीही स्वतंत्रपणे अस्वलं कोरायला घेतली. मात्सुइ उमेतारो हे त्यांतलं मोठं नाव. युद्धानंतर पर्यटन वाढलं आणि तोंडात सामन धरलेलं लाकडी अस्वल जपानभर दिवाणखान्यांत जाऊन बसलं. रानात हिगुमा मारला जात होता तेव्हा बाजारात तो बेटाची ओळख होत होता. या कोरीवकामाकडे स्वस्त पर्यटनवस्तू म्हणून पाहणं अन्यायाचं आहे. ज्यांची शिकार आणि जमीन गेली त्यांच्यातल्या कित्येकांनी त्यावर घर चालवलं, आणि अस्वलाचं अंग, त्याचं वजन, त्याची चाल हातांना ठाऊक असल्याचा पुरावा त्या लाकडात आहे.

खुद्द इयोमान्तेवर १९५५ मध्ये होक्काइदोच्या राज्यपालांच्या परिपत्रकानं रानटी प्रथा म्हणून बंदी आणली. ते परिपत्रक २००७ मध्ये मागे घेतलं गेलं. ऐनूंना मूळ रहिवासी म्हणून कायद्यानं मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये. मधल्या काळात गोष्टी टिकल्या त्या मोजक्या माणसांच्या जिद्दीमुळे. चिरी युकिए या ऐनू मुलीनं आजी-मावशीकडून ऐकलेली देवगीतं लिहून जपानीत उतरवली आणि १९२२ मध्ये, हस्तलिखित हातावेगळं होताच, वयाच्या १९ व्या वर्षी ती वारली. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. निबुतानीच्या कायानो शिगेरू यांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या कथा ध्वनिमुद्रित केल्या, संग्रहालय उभारलं आणि १९९४ मध्ये जपानच्या संसदेत जाणारे ते पहिले ऐनू ठरले. आज 'गोल्डन कामुय' या चित्रकथेमुळे तरुण वाचक या जगाकडे वळले आहेत. या पुस्तकातल्या ऐनू कथा वाचताना एक भान हवं. त्यातल्या बऱ्याच कथा भाषा आणि जमीन हिरावली जात असतानाच्या काळात सांगितल्या आणि लिहिल्या गेल्या. सांगणाऱ्याला ऐकणारा कोण आहे याची जाणीव होती. काही गोष्टी त्यानं नक्कीच स्वतःपाशी ठेवल्या असतील, आणि तो त्याचा हक्क होता.

पुस्तकाचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात ऐनू कथा आणि विधींची वर्णनं आहेत. दुसऱ्यात वसाहतकाळातल्या घटना, शिकाऱ्यांच्या आठवणी आणि त्यांतून जन्मलेल्या समजुती आहेत. तिसरा भाग आजचा. पहिला भाग वाचल्याशिवाय दुसरा वाचू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मृत्यूच्या प्रसंगांत रक्तपाताची वर्णनं मी मोजकीच ठेवली आहेत आणि बळी पडलेल्या कुटुंबांची नावं दिलेली नाहीत. त्यांचं दुःख हे कोणाच्या करमणुकीचं साधन होता कामा नये.

तिसऱ्या भागाची आज गरज का आहे, हे आकडेच सांगतील. १९९० च्या सुमारास बेटावर अस्वलं पाच हजारांच्या आसपास असावीत, असा अंदाज आहे. अलीकडचे अंदाज अकरा-बारा हजारांचे आहेत. खेडी ओस पडत आहेत, शेतं रानात जिरत आहेत, शिकारी म्हातारे झाले आहेत. जून २०२१ मध्ये सुमारे २० लाख वस्तीच्या साप्पोरो शहरात एक अस्वल रस्त्यांवरून धावलं आणि चार जण जखमी झाले. पूर्व होक्काइदोत २०१९ पासून चार वर्षं एका अस्वलानं ६६ गुरांवर हल्ले केले, त्यांतली ३२ मेली. त्याचा ठसा १८ सेंटिमीटर रुंद, त्यावरून ओसो-१८ या त्याच्या सांकेतिक नावातला आकडा आला. वृत्तपत्रांनी त्याला अदृश्य राक्षस करून टाकलं. २०२३ च्या जुलैअखेरीस एका शिकाऱ्यानं एक अस्वल मारलं, मांस उपाहारगृहांत विकलं गेलं, आणि डीएनए तपासणीत कळलं की ते हेच होतं. हाडांच्या परीक्षणातून दिसलं की त्याला लहानपणापासून मांसाची चटक होती. त्या भागात हरणं बेसुमार वाढली आहेत आणि शिकारीनंतर त्यांचे मृतदेह रानात टाकले जातात. लांडगा आपणच संपवला, हरणं आपणच वाढू दिली, मांस आपणच समोर ठेवलं. वेन कामुय कसा घडतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण जुन्या कथांतही सापडणं कठीण.

तरी या भागात आशेची जागा आहे, ती म्हणजे शिरेतोको. बेटाच्या ईशान्य टोकाच्या या द्वीपकल्पावरचे वसाहतकार थंडीला आणि नापिकीला कंटाळून निघून गेले. सोडलेली जमीन दलालांच्या हाती जाऊ नये म्हणून १९७७ पासून जपानभरच्या नागरिकांनी वर्गणी काढून ती विकत घेतली आणि तिथे पुन्हा जंगल वाढवलं. आज जगात तपकिरी अस्वलांची इतकी दाट वस्ती फार थोड्या ठिकाणी आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगितली जाते. १९९७ मध्ये आईपासून नुकती वेगळी झालेली एक तरुण मादी रस्त्याकडेला हिंडत होती. कोणा पर्यटकानं गाडीतून तिला सॉसेज फेकलं. त्यानंतर ती माणसांना भिईनाशी झाली, गावात येऊ लागली. पुढच्या वर्षी ती शाळेजवळ मेलेलं हरीण खाताना सापडली. मुलं शाळेत यायच्या आत तिला गोळी घालावी लागली. रक्षकांनी तिचं नाव सॉसेज ठेवलं होतं.

मला ही गोष्ट होक्काइदोची सर्वांत नवी लोककथा वाटते. तिच्यात अस्वल देव नाही आणि राक्षसही नाही, आणि दोष कोणाचा हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. जुन्या ऐनू कथा जे काम करत होत्या तेच ही करते. माणसाच्या हाताला आवर घालते. कायदे, कुंपणं आणि बंदुका लागतातच. पण गाडीची काच खाली करणारा हात कायद्याच्या पुस्तकाआधी गोष्टीनं थांबतो. ज्या समाजाला आपल्या शेजारच्या रानाविषयी अशा गोष्टी उरलेल्या नाहीत, त्याला त्या पुन्हा शिकाव्या लागतील, आणि शिकवणारी माणसं कोण हे आता तरी विचारावं लागेल. या पुस्तकातल्या कथा त्या विचारण्याची सुरुवात म्हणून वाचाव्यात.